टिकल्या

शेफील्डच्या उतारावर जमिनीचे चौसष्ट तुकडे,
कौन्सिलकडून भाजीपाल्यासाठी भाड्याने घेतलेले,
मधोमध एक पत्र्याची खोली, खोलीत बुचाचा फळा.
ज्याला जे सांगायचं ते लिहून टाचायचं.
पुष्कळ वर्षं एवढाच नियम होता.

मग सेक्रेटरी ग्वेनेथबाईंनी आणली
गोल टिकल्यांची दोन पाकिटं.
पटलं तर हिरवी, नाही पटलं तर लाल.
‘म्हणजे चांगलं ते आपोआप वर येईल.’
येत नसे; त्याच दर रविवारी हलवायच्या,
हिरवे कागद डोळ्यांच्या उंचीवर,
लाल खाली, छत्र्यांच्या मागे.

माझा पहिला कागद कोबीच्या मुळांवरच्या गाठींचा.
चुना किती, केव्हा,
आणि माती तपासल्याशिवाय का नाही.
सांगलीच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं माती चाळलेला मी,
पाठपोट लिहिलं.
आठवडाभर तो कागद कोऱ्या कपाळाने उभा.

दुसऱ्यावर एकच ओळ:
‘गोगलगायी माझं लेट्यूस जेवून गेल्या.
टिप ठेवली, पण चिकट.’
सतरा हिरव्या!
मोजल्या. चहा घेऊन आलो, पुन्हा मोजल्या.
त्या रात्री चुन्याचा विचार आला नाही.
महिन्याभरात फळ्यावर गोगलगायींचं पीक,
जो तो विनोदी,
आणि कोबी आपापल्या गाठींसह जमिनीखाली गप्प.

विल्फ स्टॅनिफोर्थ पेन्सिलीने लिहायचे,
भट्टीवर भाजलेल्या आखूड बोटांनी:
‘खालच्या कुंपणाशी गारठा साचतो.
एप्रिलात तिथे बटाटे लावणारे मूर्ख.
आणि चुना हे दुकानदारांचं खूळ.’
एक लाल पडली.
मग चार. मग अकरा.
पहिल्याने कागद वाचला असेल,
बाकीच्यांनी टिकली वाचली.

मला वाटलं होतं म्हातारा गप्प बसेल.
उलट त्या आठवड्यात त्यांनी तीन कागद लावले,
प्रत्येक आधीच्याहून वाईट,
गारठा त्यात नव्हताच, नुसत्या शिव्या,
एकात ग्वेनेथबाईंच्या कुत्र्यालाही.
मग गप्प बसले.

एकदा मी उगाच करून पाहिलं.
होदानने लिहिलं होतं, ‘टाकीचं झाकण लावत जा, प्लीज.’
चार दिवस कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.
मी एक हिरवी चिकटवली आणि वांगी बघायला गेलो.
संध्याकाळपर्यंत नऊ.
झाकण उघडंच.
पण बोटाच्या टोकावर
केवढं राज्य असतं ते कळलं,
आणि ते बोट
पँटला पुसावंसं वाटलं.

जानेवारीत खोलीत ओल आली.
टिकल्यांचा डिंक सुटला, सगळ्या खाली,
लाल-हिरव्या एकाच धुळीत.
झाडू मारायची पाळी माझी.
छत्र्यांमागे विल्फचा कागद सापडला,
अकरा फिकट वर्तुळांनी चावलेला.
उकिडवा बसून तो मी पहिल्यांदा वाचला.

पहिल्यांदाच. कारण ती पहिली लाल टिकली माझी होती.
चुन्याच्या ओळीपाशी डोळे थांबले होते,
वरचा गारठा मी पाहिलाच नव्हता.

ते खरं की खोटं, मला ठाऊक नाही.
माझा तुकडा वरच्या अंगाला आहे.
कागदाखाली लिहायला पेन काढलं,
मग खिशात ठेवलं
आणि चिखलातून त्यांच्या फाटकापाशी गेलो.
ते लीक उपटत होते.
म्हटलं, विल्फ, गारठा नक्की कुठवर येतो?
मी टिकलीबद्दलही सांगणार होतो.

त्यांनी वर पाहिलं नाही.
‘बूट धड आहेत ना?’ एवढंच म्हणाले,
फावडं रोवलं
आणि उताराला लागले.